ओढ्यावर काम करायचंय? आधी पाइप शोधा, झाडं शेवटी

दर मे महिन्यात मला दोन-तीन तरी फोन येतात. "ताई, आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे, आम्ही सगळे मिळून काहीतरी करायचं म्हणतोय, कुठली झाडं लावू?" मी पुण्यात लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करते, ओढे आणि छोट्या नद्या हेच मुख्य काम, आणि इतक्या वर्षांत पहिला प्रश्न झाडांचा नाही असा एकही फोन आठवत नाही. मी उलट विचारते की आत्ता, या मे महिन्यात, ओढ्यात पाणी आहे का? समोरून खुशीत उत्तर येतं, हो हो, बारमाही आहे आमचा! तिथेच माझ्या पोटात गोळा येतो. कारण आपल्याकडचे शहरातले ओढे मुळात पावसाळी, होळीनंतर त्यात डोह उरावेत, एखादा झरा ठिबकत राहावा, बाकी कोरडा कातळ दिसावा. मे महिन्यात जो ओढा खळखळ वाहतो तो बहुतेक वेळा आपल्याच फ्लशचं पाणी घेऊन वाहत असतो.

म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे २००-५०० मीटरचा तुकडा आहे, थोडे शेजारी आहेत, नगरसेवकाचं थोडं कान देणं आहे आणि दोन-तीन वर्षं दम धरायची तयारी आहे त्यांच्यासाठी. पुण्यातल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पाबद्दल इथे काही नाही, ते वेगळं भांडण आहे. पण क्रम मात्र लहान-मोठ्या सगळ्या नद्यांना तोच: आधी घाण पाणी, मग पुराला जागा, मग काठाची माती, मग झाडं, आणि बाक-बिक अगदी शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा चालतो, आधी बाक येतात, त्यावर कुणाचं तरी नाव येतं आणि मग वास येतो म्हणून कुणी बसत नाही.

पहिलं काम: चालणं, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलणं

तुमचा तुकडा ३०० मीटरचा असला तरी वर किमान दोन किलोमीटर आणि खाली एक किलोमीटर चाला. शक्यतो एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. रामनदीचं उदाहरण घ्या. ती खाटपेवाडीकडून येते, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडीच्या देवळाशेजारून औंधाकडे जाऊन मुळेला मिळते, आणि एवढ्याशा नदीत तुम्हाला शेतातला ओहोळ, जिवंत झरे, तलाव, कॉन्क्रीटचं गटार आणि परत बऱ्यापैकी हिरवा काठ असं सगळं एका दिवसात बघायला मिळतं. पाषाणला बसून तुम्ही काय करू शकता ते बावधनला काय चाललंय त्यावर ठरतं, हे नकाशावर कळत नाही, पायाला कळतं.

चालताना तीन गोष्टी फोनवर लोकेशनसकट टिपून ठेवा. ओढ्यात येणारा प्रत्येक पाइप (कोरडा असला तरी, सकाळी ७ ते ९ मध्ये परत जाऊन बघा, त्या वेळेत अख्खं शहर आंघोळ करतं आणि कोरडा पाइप बोलायला लागतो). प्रत्येक झरा किंवा ओलसर खडक, जिथे उन्हाळ्यातही थंड, बिनवासाचं पाणी पाझरतंय. आणि जिथे काठ शाबूत आहे, जुनं उंबर-करंज उभं आहे, अशी जागा. ही तिसरी यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती 'इथे हात लावायचा नाही' यादी आहे. चांगलं डिझाइन अर्ध्याच्या वर याच यादीत असतं आणि त्याचं बिल कुणी देत नाही.

गावठाणातल्या लोकांना गाठा. एका ठिकाणी एक आजी मला म्हणाल्या, "अगं इथं धुण्याचा खडक होता, त्याच्याखाली उपळी होती, लहानपणी आम्ही वाटीनं पाणी भरायचो." पोकलेनने तिथला दोन फूट राडारोडा काढला तर खडकाच्या फटीतून पाणी निघालं, खरंच वाटीनं भरावं एवढंच, पण स्वच्छ. आजींना बोलवून दाखवलं तर म्हणाल्या, "मग मी काय खोटं सांगत होते का?"

पाणी मोजा, संत्र्याने

फ्लो मीटर वगैरे काही लागत नाही. ओढ्याचा सरळ असा १० मीटरचा तुकडा शोधा, वरच्या टोकाला संत्रं सोडा आणि खालच्या टोकाला यायला किती सेकंद लागतात ते मोजा, पाच वेळा, आणि सरासरी काढा. संत्रं का, तर ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही. मग रुंदी आणि तीन-चार जागी खोली मोजा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं म्हणून आलेला वेग ०.८५ ने गुणायचा.

समजा १० मीटरला २५ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर, गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४. पात्र २ मीटर रुंद, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्र ०.३ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १०० लिटर. दिवसाचे ८८ लाख लिटर! आता माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरलं तर माणशी १०८ लिटर. भागाकार करा. तुमच्या त्या 'बारमाही' ओढ्यात साधारण ८० हजार माणसांचं सांडपाणी चाललंय. मीटिंगमध्ये हा एक आकडा फळ्यावर लिहिला की झाडांच्या यादीवरची चर्चा आपोआप थांबते, माझा अनुभव आहे.

क्वालिटीसाठी लॅबमध्ये सँपल द्याच, पण डोळ्यालाही बरंच दिसतं. दगड उलटा करून बघा. खाली करडा, लोकरीसारखा बुळबुळीत थर आणि गाळात लाल अळ्या असतील तर मैलापाणी आहे. चतुराच्या अळ्या, छोटे शंख, झिंगे दिसले तर आशा आहे. माशांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम तरी लागतो असं सरकारी निकष सांगतात, आपल्या शहरी ओढ्यांत तो कित्येकदा शून्याच्या आसपास असतो. आणि शेकाट्यांचे थवे बघून 'पक्षी आले, नदी सुधारली' असं स्टेटस टाकू नका हो, लांब गुलाबी पायांचा तो देखणा पक्षी घाण पाण्यातल्या अळ्यांवर मजेत जगतो, त्याची गर्दी झाली म्हणजे उलट काळजीचं कारण.

घाण पाणी: कंटाळवाणं, पण ९० टक्के यश इथेच

पाइपची यादी घेऊन बसा आणि तीन ढीग करा. पहिला, ड्रेनेज लाइन शेजारून गेलीये पण चेंबर तुंबून किंवा फुटून पाणी ओढ्यात येतंय. हे सगळ्यात सोपं, तक्रार करा, फोटो लावा, मागे लागा, आठवड्या-पंधरवड्यात होऊ शकतं. आमच्याकडे ड्रेनेज लाइनच ओढ्याच्या पात्रातून टाकायची पद्धत आहे (उतार आयता मिळतो ना), त्यामुळे पात्रातले चेंबर पुरात फुटतात आणि मग वर्षभर गळत राहतात. दुसरा ढीग, एखाद्या बिल्डिंगने किंवा दुकानाने मैलापाण्याची लाइन चक्क पावसाळी गटाराला जोडलेली. हे भांडणाचं काम. नावं घेऊन भांडण्यापेक्षा सोसायटीच्या प्लंबरला गाठा, त्याला सगळं माहीत असतं. तिसरा ढीग, जिथे मुळात ड्रेनेजच नाही, वस्ती आहे आणि नाल्याशिवाय पर्याय नाही. इथे लोकांना दोष देऊन काही होणार नाही, तिथे लाइन यायलाच हवी.

आता सगळ्यांचा आवडता उपाय. ओढ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावलं की पाणी शुद्ध होतं असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. होतं, खोटं नाहीये, पण हिशोब बघा. खडीच्या वाफ्यातून सांडपाणी आडवं फिरवून झाडांच्या मुळांशी ते साफ करायचं, त्याला आपल्या उबदार हवेत ढोबळमानाने माणशी १ ते २ चौरस मीटर जागा लागते, शिवाय आधी गाळ बसायला टाकी. म्हणजे २०० माणसांच्या वस्तीचा एक पाइप असेल तर २००-४०० चौरस मीटरचा वाफा, एखाद्या बॅडमिंटन कोर्टच्या अडीच ते पाच पट, काठावर बसू शकतो, जरूर करा. पण वरचे ते ८० हजार लोक? त्यांना ८ ते १६ हेक्टर. तेवढी जागा असती तर आपण हा लेख कशाला वाचत बसलो असतो. तिथे पाइप आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्र याला पर्याय नाही, आणि मधल्या काळात पात्रातच चार रांगा कर्दळ लावल्या तर पहिल्या पुरात त्या खालच्या पुलाला जाऊन अडकतात.

कचऱ्यासाठी मात्र तुमच्या हद्दीच्या वरच्या टोकाला तरंगती आडवी जाळी बांधा, रिकाम्या ड्रमची किंवा बांबूची, एका काठावरून पटकन सोडता येईल अशी. पुराचा इशारा आला की ती सोडायचीच. सोडायची जबाबदारी कुणाची हे नाव घालून ठरवा, 'सगळ्यांची' म्हणजे कुणाचीच नाही.

पुराला जागा किती लागते

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याला कात्रजपासून खाली दांडेकर पुलापर्यंत जे पाणी आलं त्यात माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. एरवी ज्या ओढ्याकडे कुणी बघतही नाही तो एका रात्रीत नदी होतो, कारण तो नदीच असतो.

हिशोब असा करा. तुमच्या तुकड्याच्या वर समजा ५ चौरस किलोमीटर पाणलोट आहे, तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरी जमीन असल्याने त्यातला ६० टक्के वाहिला. म्हणजे तासाला दीड लाख घनमीटर, सेकंदाला जवळपास ४२ हजार लिटर. मघाशी उन्हाळ्यात संत्र्याने मोजलेले १०० लिटर आठवा. चारशे पटीचा फरक आहे! या दोन टोकांना एकच पात्र पुरवायचं हीच सगळी डिझाइनची गोम आहे. हा गणिताचा ढोबळ प्रकार झाला, खऱ्या कामाला हायड्रोलॉजीवाला इंजिनिअर लागतोच, पण त्याच्यासमोर बसताना तुम्हाला एवढं येत असेल तर तो तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

आणि आता जे हिरवळप्रेमी ऐकून घेत नाहीत ते. गुळगुळीत कॉन्क्रीटच्या चॅनलमधून जेवढं पाणी जातं, त्याच मापाच्या दगड-गवत-झुडपांच्या पात्रातून त्याच्या निम्म्याहून कमी जातं, कारण पाणी अडखळतं. अडखळणं चांगलंच, त्यानेच ते जिरतं आणि खालच्या वस्तीवर एकदम जाऊन आदळत नाही. पण याचा अर्थ नैसर्गिक करायचं तर रुंद करावंच लागतं. दोन्ही बाजूला भिंती ठेवून मध्ये झाडं लावणं हा पर्याय नाही, तो अपघात आहे. रुंदी मिळत नसेल तर तेवढ्या तुकड्यात पात्र मोकळं ठेवा आणि रुंदी जिथे मिळते तिथे, बागेच्या, मैदानाच्या, पार्किंगच्या जागेत हात-पाय पसरा.

हे नीट करून दाखवलेलं उदाहरण म्हणजे सिंगापूरची कलांग नदी, बिशान-आंग मो किओ पार्कमधली. तिथे २.७ किलोमीटरचा सरळसोट कॉन्क्रीटचा नाला होता, शेजारी वेगळी बाग, मध्ये कुंपण. नाला मोठा करायची वेळ आलीच होती, तर त्यांनी कुंपण काढून नदीला ६२ हेक्टरच्या बागेत सोडलं, वळणं दिली आणि २०१२ मध्ये ती लोकांना खुली केली. एरवी मधून छोटा प्रवाह वाहतो, मोठ्या पावसात पाणी बागेत चढून पात्र जवळजवळ १०० मीटर रुंद होतं. म्हणजे लोकांची हिरवळ हीच पुराची जागा. पाणी वाढायला लागलं की भोंगा आणि दिवे लागतात, लोक वर सरकतात, पाणी उतरलं की परत खाली. नंतर तिथे पाणमांजरांचं कुटुंब राहायला आलं, ते सगळ्या जगाने पाहिलं. मला मात्र जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी २००९ मध्ये आधी फक्त ६० मीटरच्या तुकड्यात काठ धरून ठेवायच्या दहा वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या आणि मगच पुढे गेले. आपल्याकडे पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकच टेंडर.

सोलचं चंगयेचन पण लोक खूप दाखवतात. फ्लायओव्हर पाडून शहराच्या मधोमध ५.८ किलोमीटरचा प्रवाह आणला, २००५ मध्ये, धाडस कमालीचंच. पण त्यातलं पाणी बहुतांश हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे. मला विचाराल तर ते फार सुंदर असं लांबलचक कारंजं आहे. फोटो बघताना 'पंप बंद केला तर काय उरेल' हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या, भारतातल्या काही प्रसिद्ध फोटोंनाही तो लागू पडतो.

आपल्याकडे कागदावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात, निळी साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत, मोजके अपवाद सोडले तर, भराव किंवा नवं बांधकाम चालत नाही. पालिकेच्या विकास आराखड्यात बघा, जलसंपदा विभागाकडे विचारा. छोट्या ओढ्यांना बऱ्याचदा रेषाच आखलेली नसते, मग २०१९ किंवा जुलै २०२४ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर शोधा, वॉचमनला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" तो हात लावून दाखवतो. तिथे ऑइलपेंटने रेघ मारा. तीच तुमची रेषा.

काटछेद, म्हणजे ओढा आडवा कापला तर दिसेल तो आकार, घ्यायला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी पुरते. दोन काठांवर नळीने पातळी जुळवून दोरी ताणायची, दर मीटरला दोरीपासून जमिनीपर्यंत टेप सोडायची, दर २० मीटरवर असा एक छेद. दोघं-तिघं एका रविवारी ३०० मीटर सहज करतात. ग्राफ पेपरवर काढलं की पहिल्यांदाच कळतं की राडारोडा टाकून टाकून कुठल्या काठाने किती जागा खाल्लीये. भराव काढणं हे परवानगी मिळायला सगळ्यात सोपं आणि उपयोगाला सगळ्यात मोठं काम, त्यात कुणाचं मन दुखत नाही (टाकणाऱ्याचं सोडून).

काठ: आधी पाय, मग अंग

मातीचं काम डिसेंबर ते मे. उभा तुटलेला काठ असेल तर तो मागे घेऊन उतरता करा, उभं १ तर आडवं २, जागा असेल तर ३. मधला उन्हाळी प्रवाह वाहायला छोटी, नागमोडी वाट ठेवा, नाहीतर पाणी सगळ्या रुंदीवर पसरून दोन इंचांचं होतं, तापतं आणि डास होतात. या वाटेत पात्राच्या रुंदीच्या पाच-सात पटीवर एकेक खळाळ बनवा, म्हणजे मोठे धोंडे आडवे बसवायचे, दोन तृतीयांश जमिनीत गाडलेले. वर नुसते ठेवले तर पूर ते उचलून नेतो. खळाळात पाण्याला हवा मिळते आणि खाली आपोआप डोह तयार होतो. तळाला कातळ लागला तर त्याला धक्का लावू नका, रांजणखळग्यांसारखं काम आपल्याला शंभर जन्मात जमणार नाही.

काठ तुटतो तो नेहमी पायाकडून. म्हणून पहिली ताकद तिथे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी आपटतं, दगड भरलेल्या जाळ्या म्हणजे गॅबियन किंवा नुसते मोठे धोंडे रचा. आतल्या शांत बाजूला काथ्याचे फूटभर जाडीचे रोल पुरतात, बांबूच्या मीटरभर खुंट्यांनी ठोकलेले, अर्धे जमिनीत. त्याच्यावर उतारावर वाळ्याच्या ओळी, रोपांत चार-सहा बोटं अंतर, ओळी आडव्या, समपातळीत. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंत, खिळे मारल्यासारखी. त्याला सावली चालत नाही एवढं लक्षात ठेवा, जुन्या झाडाखाली तो मरतो. निर्गुडी आणि वाळुंज यांच्या अंगठ्याएवढ्या जाड, हात-दीड हात लांब फांद्या तोडून जूनच्या पहिल्या दोन चांगल्या सरींनंतर सरळ काठात ठोका, दोन तृतीयांश आत, डोळे वरच्या दिशेला. फुकटात होणारं आणि मला सगळ्यात जास्त समाधान देणारं काम.

आता झाडं, विचारा

पहिल्या वर्षी मी स्वतः काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. जूनच्या मध्यावर तीनशे रोपं, सहा-सात फुटी, बांबूचा आधार, प्लास्टिकची जाळी, फोटो बिटो एकदम छान. लावली कुठे तर पात्राच्या निम्म्या उतारावर, कारण तिथे जागा मोकळी दिसत होती. जुलैअखेरच्या पुरात प्रत्येक जाळीत कचरा अडकला, प्रत्येक जाळीचं शीड झालं आणि तीनशेपैकी अकरा राहिली. जाळ्या आम्ही पुढचे दोन महिने खालच्या पुलाच्या कठड्यातून सोडवत होतो.

तेव्हापासून माझा नियम, पाण्याच्या जितकं जवळ तितकं लवचीक आणि बुटकं. पाण्याच्या कडेला लव्हाळा, आणि खडकात शेरणी, हे झुडूप पूर आला की आडवं होतं आणि गेला की उठून उभं राहतं. मधल्या उतारावर वाळा, निर्गुडी, वाळुंज. वर, नेहमीच्या पुराच्या पातळीच्या पलीकडे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, तामण. रोपं फूट-दीड फुटाचीच घ्या, जाळ्या नकोत. उंबराला जास्त जागा द्या, एक उंबर फळला की तांबट, बुलबुल, वटवाघळं, खाली पडलेल्या फळांवर मासे, सगळ्यांची मेस चालू होते. बिया त्याच नदीच्या वरच्या भागातल्या झाडांच्या गोळा करा, नर्सरीवाल्याला आधीच्या वर्षी नेऊन द्या.

सुबाभूळ, बेशरम, घाणेरी काढायची, पण एकदम नाही. काठ उघडा पडतो. पट्ट्यापट्ट्याने, दोन वर्षांत. मोठं झाड तोडायचं तर विदेशी असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जलपर्णी मुळासकट ओढून काठापासून लांब कंपोस्ट करा, पण तिचं खरं औषध मघाचंच, घाण पाणी बंद. खत मिळतंय तोवर ती येणारच.

लॉन लावू नका. एवढंच.

पक्ष्या-प्राण्यांसाठी काय 'न करायचं'

लँडस्केपवाल्यांची वाईट खोड म्हणजे सगळा काठ एकसारखा करून टाकणं. खंड्या आणि वेडा राघू उभ्या मातीच्या कड्यात बीळ करून अंडी घालतात, तुम्ही सगळे उतार १:२ केलेत तर त्यांनी जायचं कुठे? म्हणून निदान एका जागी, जिथे वर रस्ता-घर नाही, दीड-दोन मीटरचा उभा काठ तसाच सोडा. गोट्यांची उघडी पुळण सोडा, टिटवी तिथे अंडी घालते. वठलेलं झाड धोकादायक नसेल तर राहू द्या, पाणकावळे पंख वाळवायला बसतात. आणि पाण्यावर दिवे नकोत. पायवाटेला लागतील तेवढेच, खाली वळलेले, पिवळट. ते निळे-जांभळे लाइट ज्यांनी पुलांना लावलेत त्यांच्याशी माझं बोलणं नाही.

सापाची भीती मीटिंगमध्ये येतेच. ओढ्यात दिसतो तो बहुतेक दिवड, बिनविषारी, फक्त भयंकर रागीट. दुसरी भीती डासांची. डास साचलेल्या पाण्यात होतात, वाहत्या आणि मासे असलेल्या पाण्यात नाही, हे एकदा दोन बाटल्यांत अळ्या दाखवून समजावलं की पटतं.

माणसं

नदीला माणसांपासून वाचवायचं असं डोक्यात घेऊन गेलात तर सहा महिन्यांत एकटे पडाल. तिथे आधीपासून कोण येतं ते आठवडाभर बघा, सकाळी, दुपारी, रात्री. म्हशी धुणारे, गळ टाकून बसणारे, दहाव्याला येणारे, गणपती-गौरीला येणारे, दारू प्यायला येणारे, बॉल शोधायला येणारी पोरं. यातल्या बहुतेकांना जागा द्यावीच लागते, न दिल्यास ते घेतात.

यासाठी आपल्या जुन्या घाटापेक्षा हुशार रचना मला माहीत नाही. पायऱ्यांमुळे पाणी कुठल्याही पातळीला असो, माणूस पाण्याशी बसू शकतो आणि पुरात काही बिघडत नाही. वाईला कृष्णेकाठी जा, ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीये, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून, आणि ती अठराव्या शतकापासून उभी आहे. पुरात उभं राहायचं तर कसं उभं राहायचं याचा धडाच आहे तो. तुमच्या ३०० मीटरमध्ये मोठा घाट नको, दहा-बारा दगडी पायऱ्यांचा एक तुकडा, तोही जिथे लोक आधीच उतरतात तिथेच. शेजारी निर्माल्याचा कलश आणि विसर्जनाला बाजूला हौद.

पायवाट सबंध काठाने नेऊ नका. ती वरून जाऊ द्या आणि दोन-तीन ठिकाणीच पाण्याला भिडू द्या, मधल्या भागात प्राण्यांना शांतता मिळते. मुरमाची वाट, पेव्हर ब्लॉक नकोत, पुरात उखडून तेच खाली चेंबरमध्ये जातात. बाकांऐवजी मोठे सपाट धोंडे. चोरीला जात नाहीत.

पहिला पावसाळा आणि नंतरचा जेसीबी

पहिल्या पुरानंतर ४८ तासांच्या आत चाला. कुठे काठ सुटलाय, कुठे रोल निघालाय, कुठे गाळ बसलाय, फोटो काढा. थोडं वाहून जाणारच, नदीने तुमचं ड्रॉइंग तपासलंय असं समजा आणि जिथे तिने लाल शेरा मारलाय तिथे परत तेच करू नका. चार जागा पक्क्या करून दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने फोटो घ्या, दोन वर्षांनी पैसे मागायला दुसरं काही लागत नाही.

पण खरा शत्रू पूर नाही. दर वर्षी मे महिन्यात पावसाळ्याआधीची नालेसफाई होते आणि ती करणाऱ्याला गाळ आणि झाडं यांत फरक करायला कुणी सांगितलेलं नसतं, त्याचं बिल उचललेल्या ट्रिपांवर असतं. आमची एका ओढ्यावरची दीड वर्षाची वाळ्याची रांग, लव्हाळा, ठोकलेल्या निर्गुड्या, सगळं एका दुपारी बकेटमध्ये गेलं. मी धावत पोचले तेव्हा मुकादम शांतपणे म्हणाला, "मॅडम, गवतच होतं की." त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या कागदावर नाला होता आणि नाल्यात गवत होतं.

तेव्हापासून एप्रिलमध्येच तीन कामं करते. सफाई खात्याला नकाशा देते, त्यात गाळ कुठला काढायचा (पुलाखालचा, चेंबरभोवतीचा, तो काढायलाच हवा) आणि कुठे हात लावायचा नाही हे दोन रंगांत. काठावर लाल कापड बांधलेले बांबू रोवते. आणि मुकादमाला, कंत्राटदाराला नाही, स्वतः मुकादमाला बोलावून, चहा पाजून, पायी फिरवून एकेक झुडूप दाखवते. तोच मुकादम आता तिसरं वर्ष आमच्या पट्ट्यात काम करतोय. परवा भर दुपारी त्याचा फोन आला, मागे पोकलेनची घरघर ऐकू येत होती.

"ताई, पुलाच्या अलीकडं ते तुमचं गवत लई माजलंय. काढू का ठेवू?"

"ठेवा दादा."

"बरं. मग मशीन पलीकडनं घेतो."